सहा नंबरचा डावा पाय

सहा नंबरचा घोडा शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये फेरी घेऊन समोरून गेला आणि ओव्हीद ब्रुसारच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. घोडा पुढचा डावा पाय पुरता टेकत नव्हता. टेकवायचा आणि पटकन उचलायचा, तापल्या डांबरावर अनवाणी चालल्यासारखा.

ओव्हीदने बूदँ सॉसेजचा कागद खिशात कोंबला आणि कठड्याला पुढे वाकून पुन्हा नीट पाहिलं. तेच.

एके काळी लुईझियानाच्या या भागात भात पिकवणाऱ्यांपासून पाद्र्यापर्यंत सगळे शनिवारचा पेपर उघडून आधी ओव्हीदचा फोटो शोधायचे. फोटोखाली त्याने निवडलेले घोडे असत. असे टिपा देणारे तिघे नावाजलेले होते. क्लोव्हिस आता हायवेवरच्या दुकानात गाद्या विकतो. ज्यूल वृद्धाश्रमात टीव्हीवर शर्यती बघतो आणि नर्सना टिपा देतो. ओव्हीद तेवढा अजून इथे येतो, पण पेपरातलं ते पान कधीच बंद झालं, आणि नवी पोरं फोनवरचे आकडे बघून खेळतात. जुनी माणसं त्याला ओळखतात, इतकंच.

सहा नंबरवर आज जॉकी म्हणून देल्फीन बसणार होती. बाप्तिस्म्याला ओव्हीदनेच तिला हातावर घेतलं होतं, म्हणून ती त्याला पारँ, म्हणजे धर्मपिता, म्हणे. पळत्या घोड्याचा पाय मोडला की वर बसलेल्याचं काय होतं, ते त्याने या मैदानावर डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्याने आधी घोड्यांच्या डॉक्टरला गाठलं. डॉक्टर म्हणाला, सकाळीच तपासलाय, काही झालेलं नाही. मग त्याने ट्रेनर लॅन्ड्रीला हाक मारली. पाय बघ म्हणून विनवलं. लॅन्ड्रीने पायाकडे न बघता ओव्हीदकडेच बघितलं आणि तो हसला.

"तुमचीच पोरगी वर बसणार आणि तुम्हीच घोडा लंगडा म्हणताय. ओव्हीद, ही युक्ती माझ्या बापाच्या वेळची आहे."

युक्ती जुनी होती खरी. टिपा देणाऱ्याला ज्या घोड्यावर स्वतःचे पैसे लावायचे असतात, त्यालाच तो चारचौघांत नावं ठेवतो. लोक बिचकतात, पैसे कमी लागतात, भाव चढा राहतो आणि घोडा जिंकला की त्याला जास्त मिळतात. ओव्हीदने हा उद्योग इतक्यांदा केला होता की कठड्याला टेकलेल्या जुन्या खेळाडूंना तो पाठ होता. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पैसे लावायच्या खिडक्यांची वाट धरली. ब्रुसार सहाला नावं ठेवतोय. एवढं कळायची खोटी, फलकावर सहाचा भाव आठ होता तो पाच झाला, आणि बघता बघता तीनवर आला.

म्हाताऱ्याने फलक पाहिला. आपणच हे करून बसलो. एवढ्या लोकांचा पैसा ज्याच्यावर लागला, तो घोडा जॉकीनेच नको म्हटला तर तिला उद्या कोण विचारणार?

देल्फीन जॉकींच्या खोलीतून बाहेर आली. ओव्हीदने कठड्यावरून हात लांबवून तिची बाही धरली आणि डाव्या पायाचं सांगितलं. तिने घोडा चालताना पाहिला. तिला तो सरळच दिसला. मग तिची नजर फलकावर गेली, आणि तिने आवाज खाली आणला.

"पारँ, खरं सांगा. तुम्ही लावलेत ना याच्यावर?"

"तुझ्या आईची शपथ, एक सेंटही नाही."

"हीच शपथ तुम्ही बाबांसमोर घ्यायचात," ती म्हणाली. रागाने नाही, उलट मायेनेच. "आज उतरले तर लॅन्ड्री मला परत घोडा देणार नाही. कुणीच देणार नाही."

तिने बाही सोडवून घेतली. लॅन्ड्रीने तिचा पाय धरून तिला वर चढवलं.

घोडे सुटले तेव्हा ओव्हीद टोपी छातीशी धरून उभा होता. आपलं म्हणणं खरं ठरावं, यापलीकडे त्याने उभ्या जन्मात दुसरं काही मागितलं नव्हतं. त्यापायी घरदार वाऱ्यावर सोडलं होतं. आज तो पुटपुटत होता, मी चुकलेला असू दे. देवा, मी चुकलेला असू दे.

वळणावर घोड्याचा सगळा भार डाव्या पायावर येतो. वळण आलं, आणि सहाने एकदा मान खाली टाकली. ओव्हीदने डोळे घट्ट मिटले. घोडा पडला की गर्दी एकदम गप्प होते. तो त्या शांततेची वाट बघत राहिला. ती आली नाही. आरडाओरडा वाढत गेला, वाढत गेला, आणि कुणीतरी त्याच्या पाठीत जोराची थाप मारली.

सहा जिंकला होता. देल्फीन मातीने माखलेल्या तोंडाने हसत परत आली, उडी मारून उतरली आणि आपल्या दोन पायांवर उभी राहिली. ओव्हीद मटकन बाकावर बसला आणि सगळ्यांदेखत रडला.

तेवढ्यात लोकांनी त्याला गराडा घातला. एकाने बिअर हातात दिली. एका जाड्याने त्याला मिठीच मारली. म्हातारा अजून तसाच बेरकी आहे, कसा मस्त लंगडा केला घोडा, असं जो तो म्हणू लागला. मागून कुणी विचारलं हा कोण, तर पुढच्याने मोठ्या अभिमानाने त्याचं नाव सांगितलं.

"अहो, मी चुकलो," ओव्हीद म्हणाला. "मला तो खरंच लंगडा दिसला होता."

"असंच म्हणत राहा," म्हणून जाड्याने डोळा मारला.

पुढच्या शर्यतीचे घोडे पॅडॉकमध्ये येऊ लागले होते. लोकांनी ओव्हीदला दोन्ही बाजूंनी धरून उठवलं, कठड्यापाशी अगदी पुढे उभं केलं, आणि आता तो कोणत्या घोड्याला नावं ठेवतो ते ऐकायला सगळे गप्प झाले.