जमिनीतलं पातेलं

"दोघांना एवढं मोठं पातेलं?" नातेर्सियाने विचारलं.

"उरलं तर उद्या खाऊ," तिचे बाबा, बेल्मिरो म्हणाले.

उद्या म्हटल्यावर तिची नजर गाडीकडे गेली. गाडीच्या डिकीत, घोंगडीखाली, बाबांची बॅग होती. चार सदरे, गोळ्या, आईचा फोटो. संध्याकाळी ती त्यांना सांता रीता वृद्धाश्रमात सोडणार होती. सात नंबरची खोली महिन्यापूर्वीच ठरवली होती. बाबांना मात्र सांगितलं होतं, सहल. दोनदा गॅस चालू राहून घर पेटता पेटता वाचलं होतं, तरी सांगायला जीभ रेटत नव्हती. त्यांना कळेल, याचीच सकाळपासून धास्ती.

तळ्याकाठी जमीन ज्वालामुखीच्या उष्णतेने धुमसत होती. कोंबडी, डुकराचं मांस, कोबी, रताळी भरलेलं पातेलं तिथे पातेली पुरायचं काम करणाऱ्या झेफेरीनोने गरम खड्ड्यात शिजायला उतरवलं आणि वर माती ओढली. पातेल्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून प्रत्येक ढिगाऱ्यावर मालकाची पाटी रोवायची. बाबांनी ती घरूनच लिहून आणली होती. ती वाचून झेफेरीनोने नातेर्सियाकडे पाहिलं.

"काका, हे..."

"तू माती दाब. तुझा बापही असाच बडबड्या होता."

मग दोघं चढावरच्या गरम कुंडावर गेली. तांबूस पाण्यात बाबा गळ्यापर्यंत बसले, डोळे मिटून. ती टॉवेल आणायला गाडीकडे गेली. परतली, तर कुंडात बाबा नव्हते. काठावर फक्त टोपी.

वाफेत चार हातांवरचं दिसेना. लाकडी कठड्यापलीकडे उकळता झरा खदखदत होता. गेल्या महिन्यात बाबा स्वतःच्याच गल्लीत वाट चुकले होते. ती कठड्यावरून वाकली, हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात तिचा आवाज तिलाच ऐकू येईना. खालच्या चिखलात पाय घसरल्याची ताजी खूण होती.

आता सांगावं लागणार नाही, असं क्षणभर मनात आलं. त्या विचाराची तिला झऱ्याहून जास्त भीती वाटली.

ती धावत तळ्यावर आली. बाबा ढिगाऱ्यापाशी उभे होते, केस ओले, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली.

"कुठे भटकतेस? बारा वाजले. पातेलं काढायची वेळ झाली."

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

ती त्यांची बटणं नीट लावू लागली. झेफेरीनोने आकडा अडकवून पातेलं वर ओढलं. पाटी उन्मळून तिच्या पायाशी पडली. तिने ती उचलून माती झटकली. बाबांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: बेल्मिरो, सांता रीता वृद्धाश्रम, खोली सात.