देवीची खळ

पॅरिसमध्ये कुणीतरी विमानातून उडालं आणि इथे माझ्या नवऱ्याच्या, अन्सेल्मच्या अंगात आलं. मी माहेरून आणलेल्या चादरी फाडून त्याने विमानाचे पंख केले आणि विमानाचं नाव ठेवलं ‘ओडेट’.

“ही कोण हो?”

“वाऱ्याची देवी! तुला धोबिणीला काय कळणार?”

पंख ताठ राहायला खळ मात्र धोबिणीच्याच हातची हवी होती.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर अख्खं गाव कुरणात जमलं. विमान धावलं, पंख ओल्या पोतेऱ्यासारखे लोंबले आणि स्वारी थेट उकिरड्यात. लोक पोट धरून हसले.

तोंडावरचं शेण पुसत तो ओरडला, “खळ घातली नव्हतीस?”

 

“घातली की! तुमच्या देवीच्या परकरांना. परवाच धुवायला आले होते, मी दोऱ्याने नाव भरलेल्या तुमच्या रुमालासकट.”