विरजणाची वाटी

टिपणीसकाकांनी रिकामी वाटी पुढे केली. “जरा विरजण मिळेल? आमचं संपलं.”

शेजारच्या वृषालीने कमरेवर हात ठेवला. “काका, चमचाभर दही मागे ठेवलं की झालं उद्याचं विरजण. तुमचं रोज कसं संपतं? सोमवारी देवधर, मंगळवारी कुंटे, आज पुन्हा मी!”

काका ओशाळले. बायको गेल्यापासून या वाटीच्या निमित्तानेच चार दारं उघडत होती, दहा मिनिटं गप्पा होत होत्या. ते आल्या पावली घरी परतले.

दोन दिवस वाटी पालथी राहिली. काका मात्र गॅलरीतून दारापाशी, दारापासून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. जिन्यात पावलं वाजली की कान टवकारायचे. पावलं वरच्या मजल्यावर निघून जायची.

तिसऱ्या सकाळी बेल वाजली. दारात वृषाली, हातात वाटी. “काका, विरजण आहे का? आमचं संपलं.”

काकांनी लगबगीने फ्रीज उघडला. आत दह्याची पाच भांडी ओळीने मांडलेली.

वृषालीला हसू आवरेना. “अगंबाई! यातलं आमच्याकडचं कुठलं?”

“असं नुसतं बघून नाही सांगता यायचं,” काका खुर्ची पुढे ओढत म्हणाले. “बस. पाचही चाखावी लागतील.”