उरलेलं तेल

"तळून उरलेल्या तेलाचं काय करता?" पाहणीदाराने टॅबलेट सावरत विचारलं.

"वहिनीला देतो," बटाट्याच्या काचऱ्या तळता तळता दुकानदार म्हणाला. "ती साबण करते."

वहिनी मागच्या खोलीतून साबणाच्या वड्यांचा ट्रे घेऊन आलीच. या साबणावर तिचं घर चालत होतं, आणि हे ऐकवायची एकही संधी ती सोडत नसे.

वापरलेल्या तेलापासून विमानांचं इंधन करायचं, तर कोणत्या देशात किती तेल मिळेल, याचा अंदाज घेणं चाललं होतं. तेरा देश, फॉर्म एकच. उत्तराला घरं तीन: गटारात, कचऱ्यात, माहीत नाही. चौथं घर आखायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. डोकी मात्र मोठमोठी होती.

पाहणीदाराने आपल्या वरिष्ठ बाईंना स्पीकरवर फोन लावला. त्या हसल्या. "अरे, प्रत्येक देशात अशी एखादी वहिनी भेटतेच. गटारात टाक. तुलना बिघडायला नको."

"गटार लिहिलं की काय होणार?" वहिनीने विचारलं.

खोटं बोलणं त्याच्या जिवावर आलं. "तेल वाया जातं म्हणून दुकानात कुलपाचं पिंप बसेल. सगळं तेल त्यात."

"मग 'माहीत नाही' लिहा."

"तेही गटारातच धरतात."

"भावोजी, तुम्ही तरी बोला की!"

"मी काय बोलणार, वहिनी? पिंप नाकारलं तर परवाना अडेल म्हणतात." दुकानदार उगाचच झारा फिरवत राहिला.

तेलाचा डबा मोजताना पाहणीदाराचे हात तेलकट झाले होते. बोट टॅबलेटच्या काचेवरून घसरत होतं. वहिनीने ते पाहिलं आणि ट्रेमधली एक वडी त्याच्या हातावर ठेवली, बेसिन दाखवलं. एका धुण्यात हात स्वच्छ झाले. तिने टॉवेलही पुढे केला, तेव्हा त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण संध्याकाळपर्यंत अजून नऊ दुकानं करायची होती. त्याने हात पुसले आणि बोट टेकवलं.

"काय लिहिलंत?"

"गटार."

वहिनीने बेसिनकडे पाहिलं. पांढरा फेस गोल फिरत जाळीतून खाली जात होता.

"आमच्या गटारात हे जातं हो, साहेब," ती म्हणाली.