मागच्या गल्लीकडची काच

"जे आहे ते सांगायचं, एवढंच. घाबरायचं नाही," मकरंदनं टॅक्सीत आईला पुन्हा बजावलं.

"जे आहे तेच सांगायचं तर तू तांबरमपासून शिकवतोयस काय?" शैलाबाई म्हणाल्या. मग बाहेर बघत त्यांनी विचारलं, "हा कुठला रस्ता रे?"

"जीएसटी रोड."

"घ्या! इथे रस्त्यालाही कराचंच नाव."

मकरंद हसला, पण त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. चेन्नईजवळच्या ओरगडमच्या कारखान्यातून त्यानं आज रजा घेतली होती. आपण आईचं जे हिरावून घेतलं, ते आज परत मिळवून द्यायचंच, असं त्यानं ठरवलं होतं.

वडील गेल्यावर आईला मिरजेहून त्यानंच इकडे आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, गुडघे दुखरे, भाषा परकी. पण मागच्या गल्लीत एक छोटा मठ होता आणि तिथे दर गुरुवारी दुपारी गुंडोबुवांचं कीर्तन चाले. बुवा तंजावरकडचे. त्यांची मराठी जुन्या वळणाची, शेवटाला तमिळ हेल. आईनं बुवांना कधी पाहिलं नाही. पण झांज वाजली की ती खिडकीशी खुर्ची ओढायची. रात्री मकरंदला वाढताना म्हणायची, "काय गळा दिलाय रे देवानं! आज आख्यान असं रंगलं की आमटी करपली." करपलेली आमटी दोघं आनंदानं खात.

मग घरं थंड राखायच्या कामांना करसवलत देणारं विधेयक आलं. एका कंपनीनं नमुन्यादाखल काही घरांत काम फुकट करून दिलं. छतावर पांढरा थर, भिंतींना अस्तर, खिडक्यांना जाड दुपदरी काचा. मकरंदनंच हौसेनं नाव नोंदवलं. मागच्या गल्लीकडची खिडकी तर कायमची बंद झाली. घर गारेगार झालं, विजेचं बिल उतरलं. आणि आई कीर्तनाचं नावच घेईना.

एका गुरुवारी मकरंदची बायको शर्मिष्ठा घरून काम करत होती. तिनं पाहिलं, सासूबाई खुर्ची ओढून बसलेल्या, कपाळ काचेला टेकलेलं, बोटं चौकटीवर ताल धरतायत.

"काही ऐकू येतंय का, आई?"

"नाही गं. काही म्हणता काही नाही."

शर्मिष्ठानं हे रात्री सांगितलं, तेव्हा मकरंदनं जेवण अर्धं टाकून कंपनीचे कागद काढले. काच लगेच काढता येत नव्हती. कायदा होईपर्यंत हात लावायचा नाही, असा करार होता. कायद्यात काचेला सवलत मिळाली तर ती कायमची राहणार. नाही मिळाली तर कंपनी काढून नेणार. अशात समजलं, की विधेयकावरची संसदीय समिती लोकांचं म्हणणं ऐकायला चेन्नईला येतेय. समितीतले त्र्यंबकराव मराठी, आणि काचेच्या विरुद्ध. मकरंदनं त्यांना गाठून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आईंना घेऊन या. बाकी मी बघतो."

दोघं पोचले, तेव्हा हॉटेलच्या सभागृहात समितीत काचेवरूनच खडाजंगी चालली होती.

"छत ठीक आहे, भिंती ठीक आहेत," त्र्यंबकराव म्हणत होते. "पण या काचा म्हणजे एसीवाल्यांची चैन! ज्याला प्राप्तिकर भरण्याइतकी मिळकतच नाही, त्याला तुमच्या करसवलतीचा काय उपयोग? काच वगळा."

"वीज वाचते ती सगळ्यांचीच वाचते," दुसरे सदस्य गजेंद्रबाबू म्हणाले. "उन्हाळ्यात एकदा तुम्ही चेन्नईत राहून बघा, त्र्यंबकराव. दिल्लीत परतल्यावर स्वतःच्या घराला काच लावाल."

"दिल्लीतलं घर सरकारी आहे हो. लावायचीच तर सरकारनं लावावी!"

हशा पिकला. अध्यक्षा अर्चनाबाईंनी टेबलावर टकटक केली आणि शैलाबाईंना बोलायला सांगितलं.

"मराठीत बोला, ताई," त्र्यंबकराव म्हणाले. "मी समितीला हिंदीत सांगतो."

शैलाबाईंनी पदर सावरला. त्यांनी मठाबद्दल सांगितलं, बुवांच्या गळ्याबद्दल सांगितलं. या परमुलखात आठवड्यातून एकदा आपली भाषा सुरात कानावर यायची, तेवढ्या आधारावर बाकीचे दिवस निघायचे, असं म्हणाल्या. सांगता सांगता त्यांचा हात आपोआप ताल धरायला लागला. गजेंद्रबाबूंनीही कागद बाजूला सारले.

"आणि काच बसल्यापासून?" त्र्यंबकरावांनी हळूच विचारलं.

"काच बसल्यापासून काहीसुद्धा ऐकू येत नाही."

त्र्यंबकरावांनी ते ठासून हिंदीत सांगितलं आणि विजयी मुद्रेनं गजेंद्रबाबूंकडे पाहिलं. मागे बसलेल्या मकरंदचे डोळे भरून आले. येत्या गुरुवारी नाही, पण कधीतरी एका गुरुवारी आमटी पुन्हा करपणार होती.

"म्हणजे काच वगळावी, ती काढून टाकावी, असं आपलं म्हणणं आहे?" अर्चनाबाईंनी विचारलं. त्र्यंबकरावांनी प्रश्न मराठीत करून सांगितला.

"नको, नको!" शैलाबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "तेवढंच सांगायला आलेय मी. ती काच काढू नका."

"अहो ताई, पण तुमचं कीर्तन?"

शैलाबाईंनी मुलाकडे वळून पाहिलं नाही.

"बुवा काच बसायच्या आधीच गेले, दादा. मठाला कुलूप लागलं. उघड्या खिडकीतून सगळं ऐकू यायचं, कुकरच्या शिट्ट्या, स्कूटर, कावळे. तेवढं एक नसायचं. आता काच आहे, तर दर गुरुवारी वाटतं, बुवा पलीकडे गातायत आणि मलाच ऐकू येत नाही."