टाकीचं झाकण

बासष्ट सालच्या पावसाळ्यात रस्ता बुडाला, म्हणून सिल्वासाच्या नर्स कुमुदबाई होडीने राखोलीला निघाल्या. तिथे एक पहिलटकरीण पहाटेपासून अडली होती. मध्यधारेत मोटर तिसऱ्यांदा दम सोडून बंद पडली. होडी चालवणाऱ्या धाकू तांडेलाने प्लग पुसला, नळी फुंकली. “जरा थांबलं की चालते, चालली की मरते. रुसलीय, बाई!” कुमुदबाईंना घरचा गोडेतेलाचा डबा आठवला. एकच भोक पाडलं की तेल अडतं, दुसरं पाडलं की धार लागते. “पेट्रोलच्या टाकीत हवा कुठून जाते, तांडेल?” “झाकणाच्या स्क्रूतून. पाऊस शिरू नये म्हणून घट्ट आवळलाय.” “मग आधी सोडा की!” टाकीने सुस्कारा टाकला आणि मोटर धावली. बाळंतिणीची खोली वाऱ्याच्या भीतीने गच्च बंद होती. कुमुदबाईंनी आधी खिडकी उघडली. तासाभराने बाळ रडलं, तसा अंगणात बसलेला तांडेल म्हणाला, “झालं चालू!”