भलत्या आईला गेलेलं उत्तर

उत्तर गेलं आणि मग लिहिणारीला कळलं, की ते भलत्याच आईला गेलं.

प्रचाराच्या कार्यालयात भर दुपारची हातघाई चालली होती. तिच्या पडद्यावर दोन चौकोन शेजारी शेजारी उघडे होते. एक तिच्या स्वतःच्या खात्याचा, एक त्याच्या. तिच्या आईनं रोजच्यासारखं विचारलं होतं, 'जेवलीस का?' हिनं मान वर न करता लिहिलं, 'हो गं. तू जेवलीस का?' आणि बटण दाबलं. ते शेजारच्या चौकोनातून गेलं. त्याच्या खात्यावरून, त्याच्या आईला. तिचाही रोजचा प्रश्न तोच होता, आणि तो नुकताच तिथे आपोआप वर आला होता, 'जेवलास का?'

तो तर मोर्च्यातल्या चेंगराचेंगरीत गेला होता.

वादळ म्हणायचे त्याला. वादळ शमलं, पण त्याचं खातं वाहत राहिलं. लाखो लोक ते वाचायचे. चळवळीचा पक्ष झाला, निवडणूक आली, आणि एवढे वाचणारे पक्षाला सोडवेनात. खात्याची किल्ली पहिल्यापासून कार्यालयातच होती. लिहिणारीनं त्याचं जुनं सगळं लिखाण वाचून काढलं, त्याची ढब उचलली. तोच तिरका टोमणा, शेवटी तेच 'बघा बुवा, पटतंय का.' रोज सकाळी तो बोलायचा. खाली लोक लिहायचे, 'तू आमच्यातच आहेस.'

त्याची आई तसलं काही लिहायची नाही. ती फक्त दुपारी विचारायची. कार्यालयात त्याबद्दल एकच सक्त नियम होता. तो निरोप उघडायचा नाही. उघडलाच नाही, तर उत्तराचा प्रश्नच येत नाही.

लिहिणारी उठली, ती थेट प्रचारप्रमुखापुढे जाऊन उभी राहिली. सगळे त्याला दादा म्हणायचे. तिला वाटलं, आता हा फाडून खाणार. दादानं चहाचा कप खाली ठेवला आणि तो हसला.

"अगं, चुकलीस तीही सोन्यासारखी. आता देत राहा उत्तरं, मतदान होईपर्यंत. म्हातारीला बरं वाटेल. उद्या एखाद्या सभेत ती म्हणाली, माझा पोरगा अजून माझ्याशी बोलतो, तर बघ काय होतं ते."

"दादा, ती आई आहे त्याची."

"मग मी काय मामा आहे? मीही त्याच्यासाठीच मरतोय ना."

तिनं पिशवी उचलली आणि ती जिना उतरली. मागून दादाचा आवाज आला, आत्ता गेलीस तर उद्या येऊ नकोस. ती थांबली नाही.

वाटेत तिच्या जिवाला थारा नव्हता. कोरड्या विहिरीला पाणी आलं म्हणून कुणी थट्टेत सांगावं आणि तहानलेल्यानं घागर घेऊन धावत सुटावं, तसं आपण करून बसलो. आता ती माउली दाराशी बसली असेल. जिन्यावर पाऊल वाजलं की उठत असेल. तिला सांगायचं कसं, की विहीर कोरडीच आहे? आणि न सांगून चालायचं कसं?

त्याच्या घराचं दार उघडंच होतं. आत टेबलाशी एक बाई पाठमोरी बसून जेवत होती. सावकाश, एकेक घास चावून, आजारातून उठलेलं माणूस जेवतं तशी.

"काकू," लिहिणारी उंबऱ्यातूनच म्हणाली, "मी पक्षाच्या कार्यालयातून आले. मघाचं ते उत्तर माझं होतं. माझ्या आईला द्यायचं होतं, चुकून तुम्हाला आलं. तो नव्हता, काकू." तिला रडू फुटलं.

"आत ये आधी," बाई म्हणाली. "उभ्या उभ्या रडू नये. बस."

ती बसली. बाईनं तिच्यापुढे पाणी ठेवलं.

"सकाळचं ते लिहितेस, तेही तूच?"

"हो."

"हुबेहूब लिहितेस गं. चष्मा लावून वाचायचे आणि वाटायचं, आहे. कुठंतरी गावभर लोकांच्या उठाठेवी करत हिंडतोय. आईला उत्तर द्यायला तेवढी सवड नाही. सवड त्याला आधीही नसायची. मी विचारायचे, तो उघडूनही बघायचा नाही. आताही तसंच. मग मला काय वेगळं वाटणार? रोज दोन ताटं घ्यायचे मी. त्याचं झाकून ठेवायचे, आणि तो आल्याशिवाय माझ्याही घशाखाली उतरायचं नाही."

लिहिणारीनं टेबलाकडे पाहिलं. ताट एकच होतं.

"मी 'हो' लिहिलं," ती कशीबशी म्हणाली. "तुम्हाला वाटलं, तो बाहेर जेवला. म्हणून आज त्याचं ताट घेतलं नाहीत."

बाईनं उरलेला घास बोटांनी गोळा केला. तो तोंडात घातला, गिळला, आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"नाही गं, पोरी. त्यानं मला उभ्या जन्मात कधी विचारलं नव्हतं, तू जेवलीस का म्हणून. ते वाचलं, आणि तेव्हा कळलं, माझं लेकरू गेलं."